जन्मनोंद, खिडकी क्रमांक तीन

सदरमधले दाताचे डॉक्टर ल्याओ.
त्यांच्या पाटीवरची कवळी
मी शाळेत जायचो तेव्हापासून हसते आहे.
आज ते माझ्या खिडकीशी, घामाघूम.
नात झाली.

नाव?
मे.
महिना नाही विचारला, डॉक्टर.
मेऽ, ते पुन्हा म्हणाले, खालून वर,
आपण ‘काऊन?’ विचारतो तसा आवाज चढवत.

मग माझंच बॉलपेन घेऊन
पाणीपट्टीच्या जुन्या पावतीमागे काढलं:
डावीकडे झाड, चार रेघा.
उजवीकडे सात, आणि त्यांच्या पोटात,
नीट बघा म्हणाले, आई बसली आहे.
हे एक फूल. आलुबुखाऱ्याच्या भावकीतलं.
पान फुटायच्या आधी येतं,
बर्फात.

बाहेर शेहेचाळीस.
कूलरचा वाळा अकरालाच कोरडा.
बर्फ मी पाहिला तो रसवंतीवरचा, भुसा लागलेला.
मी तरी कुठे पाहिला, ते म्हणाले,
नाव आजोबांच्या गावाहून आलंय.

आजोबांचं काय होतं?
कागदावर डोंगर आणि उजेड.
घरात
(त्यांनी मागची रांग पाहून घेतली)
‘कुत्र्यानं टाकलेलं उष्टं’.
आधीची तीन गेली होती.
यम त्यांच्याकडेही आहे, इथूनच गेलेला.
त्याला वाटावं, यात काही राम नाही.

मी पेन खाली ठेवलं.
माझ्या बापाचं नाव उकंडा.
आजीनं उकिरड्यावर निजवला
अन् सूपभर ज्वारी देऊन शेजारणीकडून परत घेतला.
सातबाऱ्यावर उकंडराव. ऐंशी वर्षं टिकला.

लवकर करा ना भाऊ, रांगेतली बाई म्हणाली,
आणि आम्ही दोघं हसत सुटलेलो.

आडनाव आधी, हे त्यांना पटलं.
ल्याओ. मग मे.
एक मात्रा दिली, संपलं.
चढाला बाराखडीत खूण नाही.
झाड गेलं, आई गेली.
ते वाकून बघत होते.
याच आवाजाचा, म्हणाले, आमच्यात अजून एक शब्द आहे:
‘नाही’.
लिहिल्याशिवाय फरक कळत नाही.
खोडू का?
राहू द्या. कोणी आलाच रजिस्टर चाळायला,
तर महिना समजून पान उलटेल.

आठवड्यानं वरून शेरा आला:
नावाच्या रकान्यात महिना. दुरुस्ती करावी.
मी पावती टाचली, अकरा रेघा वर करून.
खुलासा: बरोबर आहे.