सर्वनाम

नकाशावर बाजा, बोलताना बॉयॉ.
आई फोनवर म्हणाली, लग्नाचं गाव वाटतंय.
लग्नाचं नाही गं, नोकरीचं:
पाचवी ते आठवी, इंग्रजी, आठवड्याला बावीस तास.
शाळेच्या दारात पहिल्याच सकाळी
खोडरबराच्या रंगाच्या सपाता समोर आल्या.
बूट बाहेर. आत पापुच.
पायपोस, मी मनात म्हटलं, आणि जरा बरं वाटलं,
ओळखीचं कुणीतरी पायी पायी
माझ्याआधी येऊन गेलं होतं.

हजेरीत आडनाव आधी.
रोझगोनी बोग्लार्का. चोंका बेंदेगूझ.
मीही टिपणीस उर्मिला झाले, सरळ,
विमानतळांवर उलटी होऊन दमलेली.

त्यांच्यात तो नाही, ती नाही.
एकच अक्षर सगळ्यांना,
ओठ शिट्टीचे करायचे आणि आत ए म्हणायचं.
म्हणून वह्यांमधून
माय फादर, शी इज अ बस ड्रायव्हर.
माय सिस्टर, ही हेट्स मी.
पहिल्या महिन्यात दोन लाल पेनं संपली.

मी तरी कोण सांगणारी?
पाचवीत मलाही घाम फुटला होता:
इंग्रजीतला ही म्हणजे पुरुष,
आमच्या घरातली ही म्हणजे मी.
ही कुठे गेली. ही जेवली का.

शेजारी पिरोश्का नेनी.
नेनी म्हणजे काकू, मावशी, कुठलीही पिकलेली बाई.
आपल्यात नेणणं म्हणजे न कळणं,
ते काम माझ्याकडे.
शनिवारी त्यांच्या अंगणात तिकाटण्याला हंडा टांगलेला,
कार्प मासा, कांदा,
आणि पाप्रिका एवढी की मी आधीच डोळे मिटून घेतले.
तिखट नाहीच. नुसता रंग.
मी पळी घातली तशी मनगटावर चापट बसली.
ढवळायचं नाही. कडी धरून हंडा फिरवायचा,
अर्धा इकडे, अर्धा तिकडे, नाहीतर मासा मोडतो.
इतक्या लांब येऊन चापट खाल्ली,
तीही आईचीच.

'शी टीच मी,' नेनी म्हणाल्या.
'शी फिशरमन. ऑलवेज लेट. शी डाय.'
थोरली बहीण असणार, मी धरून चालले.
दणकट घोट्यांची, डोक्याला फडकं बांधलेली कोळीण
दान्यूबच्या धुक्यातून उशिरा परतताना
मला दिसायलाही लागली.

ऑक्टोबरभर बाजारात शेवंती.
मी एक कुंडी शिक्षकांच्या खोलीत टेबलावर ठेवली.
कुणी काही बोललं नाही.
मधल्या सुट्टीनंतर ती खिडकीबाहेर होती.

का, ते एक नोव्हेंबरला कळलं.
अख्खं गाव शेवंती घेऊन कबरस्तानात,
लाल काचांत मेणबत्त्या, लोक हळू बोलणारे,
एक पोरगा थडग्याआड गुपचूप सँडविच खाणारा.
नेनींनी ओल्या फडक्यानं दगड पुसला:
होल्लोशी देझ्यो.
अंड्याच्या आकाराचा फोटो. मिशा.
माझी कोळीण तिथल्या तिथे बुडाली.
खाली पिरोश्काचंही नाव कोरून तयार,
जन्मसाल, आडवी रेघ,
पुढे गुळगुळीत दगड.
'नाऊ शी वेट,' नेनी म्हणाल्या.
'फर्स्ट टाइम.'

सोमवारी बोग्लार्काची वही:
माय ग्रँडपा, शी सिंग्ज टू द हेन्स.
पेन बराच वेळ वर राहिलं.
मग मारली रेघ. गुरुवारी चाचणी आहे,
आणि तपासणारे काही शेजारी राहत नाहीत.

संध्याकाळी नेनींकडे गेले, बूट भिजलेले.
त्यांनी कपाटाखालून एक जोडी ओढून काढली,
तपकिरी, एका बाजूनं झिजलेली.
'हर पापुच,' म्हणाल्या.
मी पाय घातले.
टाचेमागे चार बोटं जागा उरली.