एक्स्ट्रा

सकाळी आम्ही ‘जीव वाचवा’वाले होतो,
जेवणानंतर ‘माझं शरीर माझं’वाले.
पाट्या बदलल्या, कोट उलटे करून घातले,
अस्तर निराळ्या रंगाचं, ही कोन्स्तान्तीची शक्कल.
रोजचे दीडशे झ्लोटी, वर बीटचं सूप.

विनोदी सिनेमा आहे, म्हणाले.

लोम्झाच्या चौकात खराखुरा पाद्री सायकलवरून उतरला.
सकाळी त्यानं आम्हाला आशीर्वाद दिला,
दुपारी तोच हात उगारला.
कोन्स्तान्ती कॅमेऱ्यामागून पुटपुटला :
फुकटचं आहे, घेत राहा.

नायिकेचं पोट स्पंजचं.
शॉट संपला की ते खुर्चीवर काढून ठेवून
ती सिगरेट ओढायला जायची.
आम्ही बायका येता-जाता त्याला हात लावायचो.
का, ते विचारू नका.

लुद्विकानं एकदाच ते उचललं,
बाजारात कोबीचा गड्डा तोलून पाहावा तसं.
“किती हलकं गं,” म्हणाली,
आणि ठेवताना जरा जपून ठेवलं.
ब्रातिस्लावाची ती रात्रीची बस मला ठाऊक होती.
तिकीट मीच काढलं होतं, परतीचंही.
मी पाटी वर धरली.
कुठली, ते आता आठवत नाही.

सिनेमा लागला तेव्हा दोघी गेलो.
लोक हसले, आम्हीही हसलो, पोट दुखेपर्यंत.
गर्दीत लुद्विका दीड सेकंद दिसते,
तोंड उघडं, मूठ वर.
आवाज मात्र
दुसऱ्याच कुणाचा भरलाय.