येणे बाकी

वेंगुर्ल्याला त्या साली सिमेंटचं कोर्ट नवं होतं,
बांबूच्या गॅलरीला काथ्याचा वास,
आणि हॅलोजनखाली पाखरं इतकी
की शिट्टी तोंडात घालण्याआधी
रेफरी ती झटकून घ्यायचा.

रेल्वे, बँक, नेव्ही.
नोकरी म्हणून चेंडू उडवणारी माणसं
मी पहिल्यांदा पाहिली.
पगार घेऊन उड्या मारायच्या!
आमच्याकडे उडी फुकट होती, जेटीवरून.

सह्या घ्यायला माझ्याकडे वही नव्हती.
आईची होती. लांबट, लाल पुठ्ठ्याची,
खवल्यांनी पानं चिकटलेली,
पेन सुतळीनं बांधलेलं.
सुतळी वीतभर.
त्यामुळे साडेसहा फुटांचा कॅप्टन
माझ्यापुढे वाकला तो वाकलाच,
आणि त्याच्या नाकावरचा घाम
मोचेमाडकर बाईंच्या साडेसात रुपयांवर पडला.

कॅप्टनची सही म्हणजे नुसती रेघ, समासात.
पंजाबी पिव्हॉटनं नावापुढे बाण काढला.
एकानं वही हुंगली, हसला,
सही न करताच पुढच्याला दिली.

चौदा नंबर तिन्ही दिवस बाकावर होता.
टॉवेल फेकायचा, बाटल्या भरायचा,
टाइम-आउट झाला की सगळ्यांआधी उभा राहायचा,
आणि सगळ्यांआधी बसायचा.
त्याच्याकडे मी शेवटी गेले,
एक पान कोरं उरलं होतं म्हणून.

त्यानं वही मांडीवर घेतली,
मागची पानं उलटली
आकड्यांवर बोट ठेवत,
जसं काही त्याच्याच घरचं देणं त्यात असावं.
मग सावकाश लिहिलं. दोन ओळी.
गोल गोल अक्षरं,
पुळणीवर तिसऱ्या सांडाव्यात तशी.

समासातल्या रेघोट्या आईनं
पोरखेळ म्हणून सोडून दिल्या.
या पानाशी मात्र थांबली.
"ह्यो खयचो गिरायक?
ह्याच्याकडून किती येवचे?"
"खूप," मी म्हटलं.

फिटलेल्या हिशेबावर ती आडवी काट मारायची.
तिथं मारली नाही.

अकरा वर्षांनी, वारा पडेना म्हणून
केरळचा एक ट्रॉलर बंदरात अडकला.
मी बर्फाच्या फॅक्टरीत पावत्या फाडत होते.
पैसे द्यायला आलेल्या खलाशापुढे
घरून आणलेलं ते पान धरलं.
तो वाचून बर्फाच्या पेटीवर बसलाच,
हसू आवरेना.

"वर नाव आहे," म्हणाला, "वर्गीस.
खाली लिहिलंय:
मत्ती, दोन डझन. उधार."

मत्ती म्हणजे आपली तारली.

संध्याकाळी आईला सांगितलं.
ती मासे कापत होती.
मान वर न करता म्हणाली,
"मगे? मी इचारलंय तां काय चुकीचा?"

आणि सुरी धुताना, थोड्या वेळानं,
"दोन डझनाचे तेव्हा
किती होते गो?"