घोडा कुठला घ्यायचा

ट्रेलर ओढणाऱ्या मुंडक्याला आमच्या धंद्यात घोडा म्हणतात.
आमचा जुना घोडा आडगाव नाक्यावर उभा आहे
साडेनऊ लाख किलोमीटर पोटात घालून,
आणि बँकेचा माणूस विचारतोय,
मॅडम, फाइलला कोटेशन कुठलं लावू,
डिझेलचं की गॅसचं?

मी टोलच्या पावतीमागे हिशेब मांडते.
कळंबोली ते अंबड, कॉइल सत्तावीस टन,
महिन्याला बावीस फेऱ्या.
गॅसवर जे वाचतं त्यात हप्ता जवळजवळ सुटतो.
वजा टाक्यांचं वजन, तेवढा माल कमी.
वजा पाथर्डी फाट्यावरची रांग.
रांगेतले तास कुठल्या रकान्यात लिहायचे
हे कॉमर्सच्या तीन वर्षांत कोणी शिकवलं नाही.

अजीज मिस्त्री पान्हा पुसत म्हणतो,
"बाई, डिझेल खालून उचलतं.
गॅस पळतो झकास, पण चढाला मान टाकतो."
डीलरचा पोरगा, उन्हात टाय लावलेला,
मोबाइलवर ताकदीचा आलेख दाखवतो.
रेघ सुंदर आहे.
वळण न घेता चढणारी.

सानपांनी रेघ बघितली नाही.
निवृत्ती सानप, नांदूर शिंगोट्याचे,
एकतीस वर्षं आमच्याकडे, आधी पप्पांच्या हाताखाली.
डावा कान गेलेला,
इंजिन ज्या बाजूला धडधडतं तो.
"एक खेप मारून बघू," म्हणाले.
"भरून. रिकामी गाडी कुणीबी ओढतंय."

डेमोची गाडी, सीटवर अजून प्लास्टिक.
मी शेजारी बसले, म्हणजे डावीकडे,
म्हणजे बोलणं संपलंच.
शहापूरपर्यंत लोण्यासारखी आली.
खर्डी गेलं, कसारा आला,
गियर खाली, अजून खाली,
काटा चौदावर येऊन बसला.
एक जुनाट डिझेलवाला हॉर्न देत पुढे निघाला,
आमच्या काचेवर धूर फेकून.
सानपांचा पाय तळाला टेकलेला.
मी मनातल्या मनात कोटेशन फाडलं.

तेवढ्यात त्यांनी मान वळवली.
"ऐकलं का?"
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

घाटनदेवीच्या अलीकडे जागा बघून गाडी बाजूला घेतली.
चाकांना दगड लावले. मागे गेले.
दुसऱ्या कॉइलची साखळी
दोन कड्या ढिली,
वळणावळणाला पत्र्यावर टिचकी मारत आलेली.

"इतकी वर्षं वाजतच असणार की ही,"
ते आवळता आवळता म्हणाले.
"मला वाटायचं,
आपल्या गाडीची साखळी सैल होत नाय."

घोटीला चहा.
मी उजवीकडे जाऊन बसले आणि विचारलं,
मग काय लावू?
त्यांनी बशीत ओतला, फुंकला, प्याले,
दुसऱ्यांदा ओतला.
"डिझेल लावा.
चौदानं घाट चढायचा तर बावीस खेपा होत नाय,
सोळा होत्यात. हप्ता कोण भरंल?"

आणि साखळी?

बशी पालथी केली टेबलावर.
"ते माझ्याकडं."

डिझेल घेतलं.
अंबडच्या गेटवर नारळ फुटला,
पहिल्याच फटक्यात नाही, तिसऱ्या.
डीलरचा पोरगा अधूनमधून नवे आलेख पाठवतो,
मी बघते, खरंच बघते,
पुढच्या घोड्याच्या वेळी रेघ वर गेलेली असेल कदाचित.

खेप असली की कसाऱ्याच्या पायथ्याशी
सानपांचा फोन येतो.
बोलत काही नाहीत.
फोन खिशात ठेवलेला, इंजिन बंद,
आणि लोखंडावर लोखंड,
एकेक कडी ओढून बघितल्याचा आवाज.
मी अंबडच्या ऑफिसात पेन खाली ठेवते.
शेवटची कडी झाली की खाकरतात,
आणि दार आपटून
ते धूड पुन्हा सुरू करतात.