पुस्तक माझ्यासाठी नव्हतं

मारुती आळीतल्या रद्दीवाल्याकडे
चाळीस रुपयांना मिळालं.
पहिल्याच पानावर लिहिलंय :
इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांच्यासाठी.
म्हणजे माझ्यासाठी नाही.
माझं इंग्रजी दहावीला पस्तीसवर सुटलेलं.
पण राजिवड्यातून भाट्ये समोर दिसतं
तरी जायचं तर पुलावरूनच, तसं हे.
स्पॅनिशला दुसरी वाट नव्हती.

अकरा वर्षं मी खोक्यांवर चिकटवतेय
कालामार, सेपिया.
आत आमचीच म्हाकुळं, उणे अठरात गोठलेली.
खाली गावाचं नाव, मी व्हिगो वाचायचे.
पुस्तक म्हणालं, बीगो.
अकरा वर्षं चुकीच्या गावाला माल धाडला म्हणायचा.

पुस्तक म्हणतं, घाबरू नका,
या भाषेत टेबलालाही लिंग असतं.
आमच्याकडे तो दर्या, ती होडी, ते जाळं.
यांच्याकडे दोनच.
मग वादळ, पिल्लू, लेकरू
यांना कुठं बसवतात?

पुस्तक म्हणतं, त म्हणताना जीभ दातांना लावा,
आरशासमोर, रोज दहा मिनिटं.
तवा. ताक. तिरफळ.
झालं.

धडा नऊ. इथे सांभाळून, सगळं उलटं आहे.
हे लोक मासा पसंत करत नाहीत,
मासाच यांना आवडतो.
वाक्य दोनदा वाचा.
मी एकदाच वाचलं.
मला बांगडा आवडतो.
यात उलटं काय?
मेहनत सगळी बांगड्याची,
मी नुसती ताटासमोर बसलेली.

पागार म्हणजे पैसे चुकते करणे.
हा शब्द आमच्याकडे कधीचा येऊन राहिलाय,
फक्त दहा तारखेचा पंधराला उगवतो.

'आहे'पाशी मात्र अडकले.
त्यांच्याकडे 'आहे' दोन.
एक कायमचं : मी खारवी आहे, दर्या खारट आहे.
एक सध्याचं : भरती आहे, मी दमलेली आहे.
कोष्टक पाठ केलं, रात्रपाळीत, हातमोजे काढून.
खाली बारीक अक्षरांत अपवाद :
'तो मेलेला आहे', इथे सध्याचं लावा.
कारण दिलेलं नाही.

दिगंबरची बोट जयगडच्या बाहेर गेली
त्याला नऊ वर्षं.
त्या पानाला मी खोक्याचं लेबल लावलंय खुणेला.
पुढे जाताना बोटाला जाड लागतं.

फेब्रुवारीत बीगोचा साहेब आला, लोसादा.
मुकादमशेठशी इंग्रजीतच बोलला.
महिनाभर घोटलेलं माझं स्वागताचं वाक्य
मी टोपीखाली केसांसारखं दडपून ठेवलं.
मग शीतगृहाच्या दारात त्याचं बोट चेंगरलं.
तो जे ओरडला ते पुस्तकात नाही.
माझ्या तोंडून आपसूक गेलं :
ले दुएले?
तुम्हाला दुखतंय?
शब्दाला शब्द, त्याच जागेवर,
मध्ये पूल नाही की काही नाही.

मुकादमशेठ बघत राहिले,
खोकं बोलावं तसे.
लोसादा भडाभडा सांगत सुटला.
त्यातलं 'हो' कळलं, 'हात' कळलं,
आणि मधेच एकदा 'आई'.
शिवी होती की आठवण, ते नाही कळलं.
मी मान हलवली. फडक्यात बर्फ बांधून दिला.

रात्री धडा पंधरा उघडला.
पुस्तक म्हणतं, घाबरू नका,
यांच्याकडे भूतकाळ दोन आहेत.