डबी

लष्करात, पाटणकर बाजारामागच्या गल्लीत
मी तंबोऱ्यांच्या जवाऱ्या काढतो.
उंदरांनी भोपळे कुरतडायला घेतले
तेव्हा ही डबी आणली.
प्लगात खोचली की हिरवा दिवा, बाकी गप्प.
दुकानदार म्हणाला, आवाज आहे,
तुमच्यासाठी नाहीये.

बुधवारी पोतनिसांची इरावती आली, वय नऊ,
मोठ्या भावाबरोबर, आईचा तंबोरा न्यायला.
उंबऱ्यातच कानांवर हात.
"आजोबा, काय किंचाळतंय ते?"
मी पंखा बंद केला. ट्यूबलाइट बंद केली.
"अजून आहे."
बोट हिरव्या दिव्याकडे.

भावानं फोनवर एक पट्टी काढली, बोटानं सरकवायची.
आठ हजारांवर शिट्टी.
नऊवर सुई.
दहाच्या जरा पुढे एक केस,
मग केसही नाही.
मी म्हणालो, बंद पडला वाटतं.
"चालू आहे," इरावती म्हणाली.
तेरा. पंधरा. सतराला भावानंही मान हलवली
आणि ती एकटीच पुढे गेली, डोळे मिटून,
उरवाई घाटीच्या चढावर
एखादं पोर आपल्याला मागे टाकतं
आणि वरच्या वळणावरून ओरडतं, तशी:
"चालू आहे!"
एकोणीसला थांबली.
त्यापुढे कुत्र्यांचं, भाऊ म्हणाला,
आणि कुत्र्यांच्याही पुढे वटवाघळांचं.

तिच्यासमोर तंबोरा ठेवला. छेड म्हटलं.
चारी तारा छेडून
तिनं नाक जरासं मुरडलं.
"वर काहीतरी खरखरतंय."
कुठे वर?
"वर. तिथे."
मी घोडीवर सूत सरकवलं, तिच्या तोंडाकडे बघत,
केसभर पुढे,
केसभर मागे,
नाक सरळ होईपर्यंत.
मला दोन्ही वेळा सारखंच ऐकू आलं.
मजुरीतले शंभर रुपये परत दिले.
का, ते तिच्या आईला कळणार नाही.

चाळीस वर्षं याच कानांवर पोट भरलं.
कुठल्या साली पहिला झणकार गेला?
दात पडला की जीभ तिथे जाऊन येते.
इथे तसं काही नाही,
गेलेल्याची जागा रिकामी राहत नाही,
दोन्ही कडा सरकून जुळतात
आणि सगळं पूर्वीसारखंच पुरेसं वाटतं.
गिऱ्हाइकं खूष होऊन जातात ती माझ्या बोटांवर.
किंवा तीही सगळी
आता साठीच्या पुढचीच आहेत.

डबी काढून खणात टाकली.
इरावती दर बुधवारी येईन म्हणालीय,
एका चिक्कीच्या बोलीवर.
उंदीरही आले परत.
पहाटे तीनला, डावा कोपरा,
मिरजेहून आलेला नवा भोपळा:
कुर्र, कुर्र.
तेवढं स्पष्ट येतंय.