प्रश्न सतरावा

फॉर्म कन्नडात. सतरावा प्रश्न:
विम्याकडून तुमची निरीक्षे काय?
निरीक्षे म्हणजे अपेक्षा, एवढं कन्नड मला येतं,
तरी बेकिनकेऱ्यात, डेअरीच्या कट्ट्यावर,
सकाळचं माप संपता संपता
मी पहिल्यांदा निरीक्षणच वाचलं.

उत्तराला चार चौकोन. खूण करायची फक्त.

गंगव्वा म्हणाली, ऑपरेशनचं देतासा, बरं हाय.
पण ऑपरेशन जन्मात एकदा,
गुडघा रोजचा.
त्या गोळ्यांचं काय ते लिव.

मोनाप्पाला वर्षभर काही झालं नाही,
म्हणून त्याला थोडे पैसे परत हवेत.
झालं न्हाई, हेच परत, असं कुणीतरी बोललं
आणि कॅन धुणारा पोरगाही हसला.

शट्टुप्पा हसला नाही.
त्याच्या बांधापलीकडे महाराष्ट्र.
तिकडचा दवाखाना जवळ, पण कार्ड तिकडं चालत नाही,
बेळगावची बस दिवसातून दोनदा.
माझी म्हस रोज हद्द वलांडून चरून येती,
तिचं दूध घेतासा न्हवं?
फॅट कमी लावतासा व्हय?

निर्मळा घाडी काजूच्या फॅक्टरीत जाते.
सासूचं बिल सरकारनं भरलं, तिनं मान्य केलं.
सासूजवळ नऊ दिवस बसली ती,
त्या नऊ खाड्यांचं,
वॉर्डाबाहेरच्या वीस रुपयांच्या चहाचं,
घरी तिच्याशिवाय पान्हा न सोडणाऱ्या गाईचं
बिल कुणी केलंच नाही.

दस्तगीर मुजावर सायकल काढता काढता:
काउंटरला एक माणूस बसवा,
आपलं बोलणं पुरतं ऐकून घेणारा.
मग विमा जरा कमी दिला तरी चालंल.

चौथा चौकोन 'इतर'. पुढं बोटभर रेघ.
मी रेघेवर लिहिलं, रेघेखाली लिहिलं,
मग कागद आडवा करून समासात.
दुधाच्या बिलातून माझाही हप्ता कापला जातो,
मला मात्र कुणी विचारलं नाही,
आणि विचारलं असतं तर
मी काय सांगणार होते, कोण जाणे.

लुमाण्णा शेवटी आला.
मागच्या कार्डावर त्याचा लक्ष्मण झाला होता
आणि लक्ष्मणाची बायको म्हणून
त्याच्या बायकोला दोन दिवस कुणी दाखल करून घेतलं नाही.
म्हणाला, माझं नाव कसं लिवूलालीस, दाव.
मी कागद त्याच्याकडे फिरवला.
त्याला कन्नड वाचता येत नाही.
त्यानं चष्मा पुसला
आणि बराच वेळ बघत राहिला.